दोन ओझी काट्या

"बाभळीच्या काट्या किती वर्सं टिकत्यात?" हौसानं विचारलं.

मी बेळक्यानं फांदी दाबत होतो. बेळकं म्हणजे टोकाला दोन फाटे असलेली लांब काठी. तिनं काटेरी फांदी उचलायची, ओळीत न्यायची आणि खालच्या फांदीत अडकेपर्यंत रेटायची. हाताला काटा लागला तर तो कुंपणवाला कसला, असं माझे वडील म्हणायचे. त्यांच्या स्वतःच्या हातांवरचे वण मोजायला बसलं असतं तर अख्खी दुपार गेली असती.

"दोन वर्सं," मी म्हणालो. "तिसऱ्या पावसाळ्यात वाळवी लागती. का गं?"

"उगं आपलं."

ती माझी भाकरी घेऊन आली होती. सातवा महिना चालू होता तिला, आणि आमच्या घरापासून नाना इंगळ्यांचं रान चांगलं अर्ध्या कोसावर. येऊ नको म्हटलं तरी यायची. भाकरी झाली की निघून जायच्या ऐवजी बांधावर टेकायची आणि माझं काम बघत राहायची. लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण तिनं माझ्या कामात असा जीव कधी घातला नव्हता. मला बरं वाटलं. बायको आपल्या धंद्यात लक्ष घालते म्हटल्यावर कुठल्या नवऱ्याची छाती फुगणार नाही?

नानांनी त्या साली पहिल्यांदाच डाळिंब लावलं होतं. आमच्या माणदेशात तेव्हा डाळिंबाची बाग म्हणजे नवलाई. रोपं गुडघ्याएवढी, आणि बोरजाईवाडीतली सगळी शेरडं त्यांच्यावर टपलेली. ज्येष्ठ लागला होता. पाऊस पडायच्या आत चारी बाजू बंद करून हव्या होत्या. मी चार दिवस सांगितले होते. महिपतीसारखं कुंपण पाच गावांत कुणी घालत नाही, असं लोक म्हणायचे आणि मी काही त्यांचं तोंड धरायला जात नव्हतो.

"चारी अंगांनी तारच ठोक की," नाना पहिल्या दिवशी म्हणाले होते.

"तार दिसाया झ्याक, नाना. पर तार माणसासाठी आन् गुरासाठी. शेरडू तिच्या खालनं जातंय, वर पाठ खाजवून घेतंय. रस्त्याच्या अंगाला तार घालू. वड्याच्या अंगानं शेरडं येत्यात, तितं बाभळ. माळाच्या अंगाला शेराच्या कांड्या लावू, दोन सालात भित हुईल."

"आन् म्हादबाच्या बांधाला?"

"तितं नुसतं चुना लावल्यालं धोंडं. भल्या माणसाला तेवढं पुरतंय."

नाना हसले. "सरड्याची धाव कुंपणापतूर म्हणत्यात. तू तर मर्दा तितंच बिऱ्हाड केलंयस!"

त्याच दिवशी संध्याकाळी दोन-चार काट्या कमी पडल्या. नानांनी ओढ्यापलीकडं बोट दाखवलं. पलीकडच्या शेताचं कुंपण मीच गेल्या महिन्यात घातलं होतं. त्यातल्या दोन फांद्या ओढून घे, उद्या परत घाल, कोण बघतंय, असं ते म्हणाले. मी बेळकं खाली टाकलं.

"नाना, नारळ फोडून बंद केल्यालं कुंपण मालकाचं. त्यातली काडी जरी वढली तरी ती चोरी. म्या ह्या हातानं कधी घातल्याली काटी उपसली न्हाय."

"बरं बाबा, ऱ्हायलं," नाना म्हणाले.

माझा हा नेम सगळ्यांना माहीत होता, आणि मला त्याचा फार ताठा होता. हौसा बांधावरून ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर कौतुक होतं.

आमची शालन जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. अडीच महिन्यांची होती. माझी मिशी धरून ओढायला नुकती शिकली होती आणि ओढली की स्वतःच दचकायची. ताप आला, आकडी आली आणि दुपारचा दिवस कलायच्या आत संपलं. एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. पुरुषच घेऊन जातात. बाईनं जायचं नसतं, आणि आमच्याकडं तर आईला जागासुद्धा सांगत नाहीत. सांगितली की ती तिथं जाऊन बसते, मग तिची कूस पुन्हा भरत नाही, असं जुनी माणसं म्हणायची. माझी चुलती त्या बाबतीत कडक. त्या रात्री हौसानं मला एकदाच विचारलं होतं, "कुठं ठिवली?" मी म्हणालो, "इचारू नगं." चुलतीनं तिला जवळ घेतलं, आणि हौसानं पुन्हा विचारलं नाही. चार वर्षं तिची कूसही भरली नव्हती. आता भरली होती, तर चुलती येताजाता सांगायची, मागचं काढू नका.

दुसऱ्या दिवशी मी माळाच्या अंगाला शेर लावत होतो. शेर म्हणजे बिनपानांचं, चिकाचं झुडूप. वीतभर कांड्या तोडायच्या, चीक सुकू द्यायचा आणि मग जमिनीत खोचायच्या. हौसा जवळ येऊन उकिडवी बसायला लागली तसा मी ओरडलो.

"लांब ऱ्हा! चिकाचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जातोय."

ती दोन हात मागं सरकली. "आन् जनावरं खात न्हाईत व्हय ह्याला?"

"तोंड लावत न्हाईत."

"पाणी?"

"एकदा जीव धरला की बघायबी लागत न्हाय. कुणी न्हाय गेलं तरी वाढतंय."

"कुणी न्हाय गेलं तरी," ती स्वतःशीच म्हणाली. मग थोड्या वेळानं, "अवं, कोल्ह्याला काय अडीवतं?"

मी हसलो. "कोल्हं डाळिंबं खाया येतंय व्हय?"

"सांगा की."

मग मी सांगितलं. मला सांगायला आवडायचंच. तारेला कोल्हं भीत नाही, खालून उकरून आत जातं. दगडाच्या गडग्यावरून उडी मारतं. निवडुंगात उलट बीळ करून राहतं. घायपातीच्या दोन झाडांमध्ये फट राहतेच. कोल्ह्याला बाभूळच पाहिजे, तीही नुसती टाकलेली नाही. बुडखे आत, शेंडे बाहेर, एकात एक गुंतवून, वरून दगडांनी दाबलेली. पायाला चारदा काटा टोचला की कोल्हं त्या जागेचा नाद सोडतं.

"नुसतं दगूड ठिवलं तर?"

"नुसत्या दगडाला कोण ईचारतंय? नाकानं सारतंय त्ये."

मी पुढची कांडी खोचली. खरं सांगायचं तर तिचे प्रश्न कुठं चालले होते हे मला त्याच वेळी कळायला हवं होतं. कदाचित कळलंही होतं. माणूस स्वतःच्या सोयीपुरता बावळट होतो.

तिसऱ्या दिवशी ती आली तेव्हा नाना बाजाराला गेले होते. रानात आम्ही दोघंच. मी भाकरी खाल्ली, पाणी प्यालो. तिनं फडकं घडी करून ठेवलं आणि पोटावर हात ठेवून सरळ माझ्याकडं पाहिलं.

"तिच्यावर कुंपाण कसलं घातलं हुतं?"

"कुणावर?"

"शालनवर."

"बाभळीचं," मी म्हणालो.

"म्हंजे दोन वर्सं झाली त्ये जाऊन."

"हौसे..."

"मला जागा दावा."

"काकी काय म्हणत्यात ठावं हाय न्हवं? आन् तुझ्या असल्या दिसात..."

"काकींनी सांगिटलं तसं चार वर्सं केलं. कधी तोंडातनं शबूद काढला न्हाय. पर आता ह्ये पोटात लाथा मारतंय, आन् मला वाटतंय, थोरलीचं अंथरूण घातल्याबिगर ह्याला कशी घिऊ? एकदा दावा. मी रडणार न्हाय. तिच्याभवती नीट कुंपाण घालू आन् येऊ. मग मी पुन्ना त्या वाटंला जाणार न्हाय. शेरानं वाढावं आपल्या मनानं."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, बांधाच्या कडेला तिनं शेराच्या उरलेल्या कांड्यांची मोळी बांधून ठेवली होती. परसात लावायला नेत असेल असं मला वाटलं होतं.

नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. मी कोयता आणि बेळकं खांद्यावर घेतलं. तिनं मोळी फडक्यात गुंडाळून काखेला मारली. उन्हाचे आम्ही ओढ्याकाठानं चालत गेलो, मी पुढं, ती मागं. वाटेत ती एकदाही थांबली नाही. मीच दोनदा थांबलो.

ओढ्याच्या वळणावर एक लिंब आहे. त्याच्या अलीकडं मुरमाड जागा. तिथं मातीच्या रंगाच्या काटक्या पडल्या होत्या, वाळवीनं पोकळ केलेल्या, आणि चार-सहा दगड.

"हितं?" तिनं विचारलं.

"हितं."

"डोकं कुठल्या अंगाला?"

"लिंबाच्या."

ती पोट सावरत लिंबाच्या अंगाला जाऊन बसली. दोन्ही तळहात जमिनीवर पसरून ठेवले. कबूल केल्याप्रमाणं ती रडली नाही. हळूहळू तिचा चेहरा सैल होत गेला, दिवसभर वाहिलेलं ओझं उतरवल्यावर होतो तसा. मी तिला चार वर्षांत तशी पाहिली नव्हती.

"एक सांगू?" ती म्हणाली. "मला जागा ठावं न्हवती, पर घोर न्हवता. रात्रीची कोल्ही वरडायची, तवा बाकीच्या बायकांच्या काळजात धस्स व्हायचं आसंल. मी कूस बदलून झोपायची. म्हणायची, तिच्या बापानं घातलंय. पाच गावांत तसं कुणी घालत न्हाय."

हौसा गेली त्याला येत्या संक्रांतीला दोन वर्षं होतील. ती होती तोवर हे मी कुणाला सांगितलं नाही. आता लिहितो.

शालन गेली त्या दिवशी मी तीन कोसांवर कामाला होतो. सांगावा आला तसा कोयता-बेळकं तिथंच टाकून पळत आलो. आलो तेव्हा सगळं संपलं होतं. चुलती म्हणाली, दिवस मावळायच्या आत उरका. मी शालनला धडप्यात गुंडाळून उचललं. बरोबर शेजारचा सावळा म्हातारा आला, खोरं घेऊन. मुरूम इतका टणक की गुडघाभर खड्डा पडेपर्यंत दिवस टेकला. तिला ठेवली, माती लोटली, दगड रचले. आता काट्या पाहिजे होत्या. दोन ओझी पुरली असती.

लिंबापासून दहा पावलांवर एका मळ्याचं बाभळीचं कुंपण होतं. मीच आठ दिवसांपूर्वी घातलेलं, ताजं, एकसारखं. सावळा म्हातारा म्हणाला, "महिपती, त्या कुंपणातल्या दोन-चार वढ की. कोण काय म्हणतंय?"

मी म्हणालो, "घातल्याली काटी उपसायची न्हाय. सकाळच्याला कोयता आणतो."

माझं लेकरू दगडाखाली होतं आणि मी माझा नेम सांभाळत होतो. मला वाटतं तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. पण असंही वाटतं, की तेवढी एकच गोष्ट ठिकाणावर होती आणि मी तिला धरून उभा राहिलो. म्हातारा माझ्याकडं बघत राहिला. मग खोरं खांद्यावर टाकून चालू लागला.

तांबडं फुटायच्या आत मी उसना कोयता घेऊन आलो. दगड बाजूला सारलेले होते. धडप्याचा तुकडा ओढ्याच्या अंगाला, एका झुडपात होता. मी ओढ्याच्या दोन्ही काठांनी फिरलो, सूर्य वर येईपर्यंत. काही सापडलं नाही. जे सापडलं असतं ते सापडलं नाही हे बरं झालं, असं मला दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी त्याला मारलं असतं.

मग परत येऊन खड्डा बुजवला. बाभळीच्या दोन ओझी फांद्या तोडल्या आणि बुडखे आत, शेंडे बाहेर, अशा गुंतवून त्या रिकाम्या जागेवर रचल्या. वर दगड ठेवले. घरी येऊन आंघोळ केली. हौसा भिंतीला टेकून बसली होती, पदर दुधानं भिजलेला. आईला जागा सांगायची नसते हा जुन्या माणसांचा नियम मला त्या सकाळी फार उपयोगी पडला. त्या आडोशाला मी चार वर्षं राहिलो.

आणि आता ती त्याच जागेवर तळहात टेकून बसली होती.

सांगून टाकावं असं मला वाटलं नाही असं नाही. शब्द जिभेवर आले होते. पण तिच्या पोटात सात महिन्यांचं होतं, आणि तिचा चेहरा तसा सैल झालेला होता. मी कोयता काढला आणि बाभळीकडं गेलो.

ती शेराच्या कांड्या खोचत होती, वीतभर अंतरानं, लिंबाकडून सुरुवात करून गोल. माझ्याकडून शिकल्याप्रमाणं चीक सुकलेलं टोक खाली, चेहरा लांब धरून. अधूनमधून थांबून पाठीला हात लावायची. मी म्हणालो, मी लावतो. ती म्हणाली, "ह्ये माझं. शेर वाढंपतूर काट्या पायजेत, त्येवढं तुमी करा."

मी केलं. एवढं मन लावून कुंपण मी कधी घातलं नाही. एकेक फांदी निवडली. बेळकं बाजूला ठेवलं आणि हातानं गुंतवली. काटे तळहातात शिरत होते, त्यांचं काही वाटत नव्हतं. उलट ते आणखी शिरावेत असं वाटत होतं. बुडखे आत, शेंडे बाहेर. खाली बोटभर फट राहिली तिथं मुरूम भरून चेपला. वरून दगड दाबले, आणि एका जागी घायपातीची दोरी करून गाठी मारल्या. वर्तुळ केवढं, तर बाळाच्या पाळण्याएवढं. दोघांच्या मध्ये ते वाढत होतं, आणि ती पलीकडून बोलत होती. शालनची नखं कशी होती, तिला पाठीवर झोपवलेलं चालायचं नाही. मधेच ती तिला हाक मारल्यासारखं काहीतरी पुटपुटली. ते मला ऐकू आलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

उन्हं कलली. मी शेवटचा दगड ठेवला आणि मागं सरलो. माझे दोन्ही हात रक्तानं भरले होते. तिनं पदरानं पुसले. मग कुंपणाजवळ जाऊन तिनं एका फांदीचा शेंडा जपून चिमटीत धरला आणि हिसडा दिला. काहीच हललं नाही. दुसरीकडं जाऊन पुन्हा हिसडा दिला. तिथंही हललं नाही.

"आता कोल्हं?" तिनं विचारलं.

"न्हाय शिरत."

"उकरून?"

"न्हाय."

तिचं समाधान झालं. ती निघाली, दोन पावलं गेली आणि मागं वळली.

"तवाबी असंच घट्ट केलं हुतं न्हवं?"

"ह्याच्याहून घट्ट," मी म्हणालो.